विंचूदंश आणि आपली मज्जासंस्था

पावसाळ्याच्या तोंडावर जालना, भोकरदन, अंबड या भागांत शेतीची कामे जोर धरतात. बांधावरचे दगड हलविले जातात, गेल्या हंगामातील पऱ्हाट्यांचे ढीग उपसले जातात, गोवऱ्यांची रास खाली ओढली जाते. अशा वेळी दगडाखाली गेलेला एखादा हात एकाएकी झटक्याने मागे येतो. कळ जाणवते ती त्यानंतर, आणि ‘विंचू चावला’ हे शब्द तोंडातून निघतात ते त्याच्याही नंतर. हात आधी हलला व वेदना मागाहून कळली, हा क्रम थोडा चमत्कारिक वाटतो खरा; परंतु आपल्या शरीरातील मज्जासंस्थेचे कार्य समजून घेण्याची ती उत्तम वाट आहे.

हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूने दिलेला नसतो. बोटाच्या त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांशी इजेची वार्ता उत्पन्न होते व ती दंडातून, खांद्यातून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचते. तेथे मधल्या मज्जापेशींच्या द्वारे ती स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींकडे सोपविली जाते, आणि तेथून निघालेला संदेश दंडाचे स्नायू आकुंचित करतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया होय. मेंदूकडे जाणारी वार्ता त्याच वेळी वर निघालेली असते, पण ती तेथे पोहोचून तिचा अर्थ लागेपर्यंत हात सुटलेला असतो. अनवाणी पाय काट्यावर पडला तर ही व्यवस्था आणखी एक काम करते. दुखावलेला पाय वर उचलला जातो आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होऊन शरीराचा भार पेलतो, म्हणून मनुष्य कोलमडत नाही.

वेदनाही एकाच वेगाने येत नाही. तीक्ष्ण, टोचणारी कळ ज्या तंतूंवाटे येते त्यांच्यावर मेदयुक्त पातळ आवरण असते व त्यांतून संदेश सेकंदाला साधारणतः ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. मागून येणारी जळजळ मात्र आवरणरहित बारीक तंतूंतून, सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने येते. उलट स्नायूंकडे जाणाऱ्या जाड तंतूंत हा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जाऊ शकतो.

हा संदेश म्हणजे नेमके काय? मज्जापेशीला एक शरीर, वार्ता घेणाऱ्या अनेक लहान शाखा आणि वार्ता पुढे नेणारा एक लांब तंतू असतो. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा असा एकेक तंतू सुमारे एक मीटर लांब भरतो. तारेतून वीज वाहते तशी वीज या तंतूतून वाहत नाही. तंतूच्या बाहेर सोडियमचे भारित कण अधिक असतात, तर आत पोटॅशियमचे. विश्रांतीच्या अवस्थेत तंतूचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋणभारित असतो. तंतूच्या पातळ पडद्यात प्रथिनांची अतिसूक्ष्म द्वारे असतात. चेतना मिळताच सोडियमची द्वारे उघडतात, सोडियम आत शिरतो व तेवढ्या जागी विद्युत्भार उलटा होतो. त्या बदलाने शेजारची द्वारे उघडतात, मग त्यापुढची. शेताच्या दंडाने पाणी वाफ्यामागून वाफा भरत जावे, तसा हा आवेग पुढे सरकतो.

परंतु दार उघडण्याइतकेच ते मिटणेही महत्त्वाचे आहे. सोडियमचे द्वार उघडल्यावर साधारण एक सहस्रांश सेकंदात आपोआप बंद होते. त्यापाठोपाठ पोटॅशियमची द्वारे उघडून पूर्वस्थिती येते व तंतू पुढच्या संदेशाला मोकळा होतो. इंग्लंडमधील हॉजकिन व हक्सली या शास्त्रज्ञांनी हा क्रम १९५२ मध्ये गणिताने मांडला आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे प्रयोग समुद्रातील म्हाकुळाच्या तंतूवर झाले होते, कारण तो तंतू नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका जाड असतो. कोकणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या म्हाकुळाने विज्ञानाला केवढे ऋणी करून ठेवले आहे, याची ग्राहकाला कल्पना नसते.

विंचवाचे विष नेमके या मिटण्याच्या क्रियेवर घाव घालते. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, आढळणाऱ्या लाल विंचवाच्या विषातील काही प्रथिने सोडियमची द्वारे लवकर मिटू देत नाहीत, तर काही प्रथिने पोटॅशियमची वाट अडवितात. परिणामी एका संदेशाच्या जागी संदेशांची झोड उठते. हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी यांवर आपल्या इच्छेवाचून देखरेख करणारी जी स्वायत्त मज्जासंस्था आहे, तिच्यात हा गोंधळ सर्वाधिक माजतो. प्रथम ओकाऱ्या, लाळ व दरदरून घाम. मग नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व अ‍ॅड्रेनॅलिन या द्रव्यांचा पूर. हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी साचते आणि गुलाबी फेस येऊ लागतो. मुलांच्या लहान शरीरात विषाचे प्रमाण अधिक पडत असल्याने त्यांना धोका जास्त असतो.

या वादळाचा माग ज्यांनी काढला ते डॉ. हिंमतराव बावस्कर याच भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे. त्यांचा जन्म १९५१ चा. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, म्हणजे त्यांच्या बालपणी हे गाव औरंगाबाद जिल्ह्यात होते. नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १९७० च्या दशकात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने दगावणारी मुले त्यांनी तेथे पाहिली. गंभीर लक्षणे झालेल्या रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस त्या काळी वाचत नसत. रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांची नोंद ठेवणे, एवढेच साधन त्यांच्याजवळ होते. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. 

उपाय मिळाला तो विषावर नव्हे, तर विषाने सोडलेल्या पुराच्या मुखाशी. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रक्तवाहिनीच्या स्नायूवरील ज्या ग्राहक-स्थानाला चिकटून ती आवळते, ते स्थान प्राझोसिन हे औषध आधीच अडवून ठेवते. वाहिन्या सैलावतात, हृदयावरील भार उतरतो. रक्तदाबासाठी हे औषध पूर्वीपासून वापरात होते. ते गोळीच्या रूपाने मिळत होते आणि खेड्यातील केंद्रातही देता येण्याजोगे होते. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा याविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली आला. वेळेवर उपचार मिळालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. प्रयोगशाळेवाचून केवळ खाटेशेजारच्या निरीक्षणावर इतके मोठे काम उभे राहावे, ही गोष्ट त्या सन्मानाहूनही विलक्षण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मुंबईच्या हाफकिन संस्थेने सिद्ध केलेली विंचवावरील प्रतिविषाची लस रक्तातील मोकळ्या विषाला बांधून निकामी करते. या दांपत्याने ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण.

येथे मांत्रिकाविषयी बोलणे भाग आहे. विंचवाच्या बहुतेक जाती जीवघेण्या नसतात. त्यांच्या दंशाची कळ भयंकर असली तरी काही तासांनी ती आपोआप ओसरते, आणि उतारा पडल्याचे श्रेय अंगारा घालणाऱ्याला मिळते. त्याच विश्वासाने लाल विंचू चावलेले मूलही प्रथम त्याच्याच दारी नेले जाते व मोलाचे तास निघून जातात. वेदनेच्या तीव्रतेवरून विष ओळखता येत नाही. नुसती कळ असेल तर दंशाच्या जागी बधिर करणारे इंजेक्शन पुरते; गंमत अशी की ते औषधही त्याच सोडियमच्या द्वारांना बंद करूनच कळ थांबविते.

ओकारी झाली, अंग घामाने भिजले किंवा हातपाय गार पडले, तर मात्र एक क्षणही दवडू नये. दंशाची जागा कापू नये, आवळून बांधू नये, चोखू नये. विंचू शोधण्यात वेळ घालवू नये. प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकत असल्याने ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, रुग्णाला आडवे ठेवून द्यावयाची असते. घरच्या घरी नव्हे. रुग्णालयात पोहोचताच दंश किती वाजता झाला आणि पहिली ओकारी केव्हा झाली, या दोन गोष्टी डॉक्टरांना सर्वप्रथम सांगाव्यात.