वृद्धांचे परावलंबन : सर्वेक्षण व मापन

वृद्ध व्यक्तींना दैनंदिन जीवनात कोणत्या अडचणी येतात आणि त्यांपैकी कितीजणांना दुसऱ्याच्या साहाय्याची गरज असते, याचा संख्यात्मक अंदाज घेण्याची पद्धती. वृद्धांसाठी असलेल्या साहाय्य-योजना व शुश्रूषा-सेवा यांचे नियोजन या अंदाजावर अवलंबून असते.

मापनाचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्यात दृष्टी, श्रवण, हालचाल इत्यादींतील विकलांगतेची प्रकारवार नोंद होते. भारतातील २०११ ची जनगणना [⟶ जनगणना] हे त्याचे उदाहरण होय. दुसऱ्यात व्यक्ती नित्याच्या कोणत्या क्रिया स्वतः करू शकते, हे विचारतात. अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निर्देशांकात अशा सहा क्रिया आहेत : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून वा खुर्चीवरून उठणे, मलमूत्रविसर्जनावरील ताबा आणि जेवणे. १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी स्वयंपाक, खरेदी, औषधे वेळेवर घेणे, पैशांचे व्यवहार इ. आठ क्रियांची पूरक श्रेणी मांडली.

दोन्ही मार्गांनी येणारी उत्तरे अगदी भिन्न असतात. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील दर शंभर व्यक्तींत सुमारे ५ विकलांग होत्या. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या सर्वेक्षणात मात्र त्याच वयोगटातील सुमारे एक-चतुर्थांश व्यक्तींना पहिल्या प्रकारच्या किमान एका क्रियेत, तर जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या प्रकारच्या किमान एका क्रियेत अडचण आढळली. एवढी तफावत थोड्या वर्षांत आरोग्य ढासळल्याने पडत नाही. ती मुख्यतः प्रश्नामुळे पडते. गुडघे धरलेल्या आजीला घरातील कोणी ‘विकलांग’ म्हणत नाही. तो वयाचा धर्म मानला जातो. म्हणून २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाच्या सहा प्रश्नांत ‘विकलांग’ हा शब्दच टाळला असून अडचणीच्या चार पायऱ्या दिल्या आहेत.

प्रश्नाची शब्दयोजनाही महत्त्वाची असते. ‘स्वयंपाक करता का?’ या प्रश्नाला जन्मभर चुलीजवळ न गेलेला पुरुष ‘नाही’ म्हणेल. परंतु त्यावरून त्याची असमर्थता सिद्ध होत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या वतीने नातेवाइकांना उत्तरे द्यावी लागतात व त्यांत त्यांचा स्वतःचा शीण मिसळण्याचा संभव असतो. तोंडी उत्तरांना पडताळा म्हणून मुठीची पकड मोजणे, ठराविक अंतर चालण्यास लागणारा वेळ नोंदविणे अशा चाचण्या घेतात. केवळ घरोघर जाऊन केलेल्या पाहणीतून वृद्धाश्रमांतील रहिवासी वगळले जातात.

अडचण आणि शुश्रूषेची गरज या दोन भिन्न गोष्टी होत. हाताशी काठी वा कठडा असल्यास अडचण असूनही साहाय्य लागत नाही. याउलट, केवळ ‘कोणाचे साहाय्य मिळते का?’ एवढेच विचारल्यास भागलेली गरज तेवढी मोजली जाते. पाणी काढून देणारे कोणी नाही म्हणून एकटी राहणारी वृद्धा दिवसाआड स्नान करीत असेल, तर तिची नोंद ‘साहाय्य घेत नाही’ अशी होते व सर्वांत निकडीची गरज कोष्टकातून नाहीशी होते. यास्तव अडचण, मिळणारे साहाय्य, ते देणारी व्यक्ती, त्यास लागणारा वेळ आणि साहाय्याअभावी राहून गेलेली कामे यांविषयी स्वतंत्र प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.