मुखपृष्ठावरचे दुसरे नाव : व्हायोलिन आणि पियानोचे ध्वनिमुद्रण कसे ऐकावे

कॅडेट मित्रांनो,

मराठी पानासाठी संगीतावर काही लिहून द्या, असा निरोप शाळेकडून आला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. मी जयपूरच्या चारदीवारीत, किशनपोल बाजारामागच्या एका गल्लीत, व्हायोलिन शिकवतो. माझा मुलगा तुमच्यातच आहे आणि शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. सुट्टीत घरी आला की माझ्या तबकड्या ऐकून त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : "बाबा, हे लोक लय का सोडतात?"

प्रश्न रास्त आहे. 'तेज चल' म्हणजे मिनिटाला १२० पावले आणि 'धीरे चल' म्हणजे ७०. त्यात एकाने जरी मनासारखे पाऊल टाकले तर सगळी रांग बिघडते. अशा कवायतीत तयार झालेल्या कानाला एकोणिसाव्या शतकातले व्हायोलिन-पियानोचे संगीत ढिले वाटते. व्हायोलिन मध्येच रेंगाळते, मध्येच धावते. पण त्या दोन वाद्यांची सम एकदाही चुकत नाही. हे कसे घडते, ते समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे.

उदाहरण म्हणून एकच ध्वनिमुद्रण घेऊ. हेन्रिक व्हिएन्याव्स्की (१८३५–१८८०) हा पोलंडचा थोर व्हायोलिनवादक. त्याने लिहिलेल्या व्हायोलिन-पियानोच्या रचनांची एक तबकडी नॅक्सॉस कंपनीने काढली आहे. व्हायोलिनवर आहेत मरात बिसेनगालिएव्ह आणि पियानोवर जॉन लेनेहन. बिसेनगालिएव्ह मूळचे कझाकस्तानचे, पण मुंबईच्या रसिकांना ते परके नाहीत. २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभा राहिला, तो खुशरू सनटूक आणि त्यांच्या पुढाकाराने. अशा तबकडीच्या मुखपृष्ठावर व्हायोलिनवादकाचे नाव आधी येते, पियानोवादकाचे नंतर. माझे म्हणणे एवढेच आहे की तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दुसऱ्या नावापाशी आहे.

आधी 'रोमँटिक' हा शब्द स्पष्ट करू. इथे त्याचा प्रेमगीतांशी संबंध नाही. युरोपच्या संगीतात एकोणिसाव्या शतकाच्या कालखंडाला ढोबळमानाने हे नाव आहे. या काळात संगीतकार स्वतःच्या मनातली खळबळ, आपल्या मुलखातली लोकगीते आणि लोकनृत्ये, दंतकथा असे सगळे संगीतात आणू लागले. गंमत अशी की माल्झेल याने मेट्रोनोमचे पेटंट घेतले ते १८१५ मध्ये. म्हणजे लय सेकंदाबरहुकूम मोजणारे यंत्र ज्या शतकाच्या हाती आले, त्याच शतकाने लय वाकवण्याची कला कळसाला नेली. लय माहीत नसल्यामुळे ती वाकवली जात नव्हती. ती पक्की माहीत होती म्हणूनच वाकवता येत होती.

आता दोन्ही वाद्यांची घडण पाहा. व्हायोलिनला चार तारा. गज तारेवर फिरतो आहे तोवर स्वर चालू राहतो. वादक तो स्वर हळू सुरू करून फुगवू शकतो, बारीक करू शकतो, मींड घेऊन दुसऱ्या स्वरावर नेऊ शकतो. पियानोच्या ८८ पट्ट्या. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटून मागे येते, आणि त्या क्षणापासून तो स्वर विरू लागतो. एकदा वाजवलेला स्वर पियानोवादकाला नंतर मोठा करता येत नाही. एकाजवळ न संपणारी आस आहे, तर दुसऱ्याचा प्रत्येक स्वर जन्मल्यापासून मावळतो.

मग दोघांनी एकच लांब स्वर धरायचा तर काय करायचे? व्हायोलिन स्वर फुगवत असते तेव्हा पियानोवादक खाली छोटे छोटे स्वर भरत जातो, म्हणजे पोकळी राहत नाही. पुढचा आघात किती जोराने करायचा ते तो व्हायोलिनच्या त्या क्षणीच्या आवाजावरून ठरवतो. आधी ठरवून ठेवले तर जमत नाही, कारण सभागृह बदलले, पियानो बदलला, हवा दमट झाली, की सारा हिशेब बदलतो.

आणखी एक गोष्ट पालकांनी कार्यक्रमाला गेल्यावर जरूर पाहावी. वादन सुरू होण्यापूर्वी पियानोवादक एक स्वर देतो आणि व्हायोलिनवादक खुंट्या पिळून त्या स्वराला आपल्या तारा लावतो. पियानोच्या तारा काही मंचावर पिळता येत नाहीत, म्हणून जुळवून घ्यायचे काम व्हायोलिनचे. ज्याला आपण साथीदार म्हणतो, त्याच्याच स्वरात मुख्य वादक बसतो.

आता लयीकडे येऊ. लय वाकवण्याला पाश्चात्त्य संगीतात 'रुबाटो' म्हणतात. इटालियन भाषेत त्याचा अर्थ 'चोरलेला'. एका स्वराचा थोडा वेळ चोरायचा आणि दुसऱ्या स्वराला द्यायचा. याचे दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात खालची साथ ठाम चालते आणि वरची सुरावट तिच्यावर मागेपुढे होते. मोझार्टने १७७७ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात हेच सांगितले आहे. आपला उजवा हात लय सैल करतो तेव्हा डावा हात मात्र लयीतच राहतो, याचे लोकांना नवल वाटते, असे तो लिहितो. आपल्याला यात नवल वाटू नये. तबलजी ठेका धरून असतो, गायक आलापात कुठल्या कुठे जातो आणि समेवर बरोबर येतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. व्हायोलिनसुद्धा आपल्याकडे रुळले ते बऱ्याच अंशी गायनाची साथ करत. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे नामवंत गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. त्यांनी ज्या घराण्यांची तालीम घेतली त्यांत आमच्या या शहराचे नाव लावणारे जयपूर घराणेही होते. ती तालीम त्यांना अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडून मिळाली.

दुसरा प्रकार अवघड. त्यात दोघेही मिळून थांबतात आणि मिळून पुढे जातात. ठेका स्वतःच ताणला जातो. इथे हात हलवणारा कंडक्टर नसतो, ड्रमचा ठोका नसतो. मग पियानोवादकाला कळते कसे? तो व्हायोलिनवादकाचा श्वास ऐकतो. गज किती उरला आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो. गज टोकाशी आला म्हणजे आता तो उलटा फिरणार, स्वर बदलणार. गजाचा वेग कमी झाला म्हणजे स्वर लांबणार. एका क्षणाच्या आत निर्णय करून तो आपला हात रोखतो किंवा सोडतो. तुमच्यातल्या मोठ्या मुलांना एलएमजीच्या जोडीची कल्पना आहे. नंबर एकच्या बोटात ट्रिगर असतो, पण नंबर दोनचे लक्ष ढळले तर त्या ट्रिगरचा उपयोग नाही. जवळजवळ तसेच हे आहे.

पालकांसाठी एक घरचा दाखला देतो. जयपूर शहर सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवले ते नऊ चौकड्यांच्या आखणीवर. रस्ते सरळ, चौक काटकोनात. पण वायव्येला डोंगर आडवा आला, तिथली चौकडी बसेना. आखणाऱ्यांनी डोंगर फोडला नाही आणि आखणीही टाकून दिली नाही. ती चौकडी पूर्वेच्या बाजूला जोडून घेतली. २०१९ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा ठरवले, त्यात या आखणीचा वाटा मोठा. नियम पक्का असला की कुठे आणि किती सरकायचे ते कळते. रुबाटोचेही तसेच आहे.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. अलीकडे विद्यार्थी फोनवर पियानोची तयार ध्वनिफीत लावून तिच्यावर व्हायोलिनचा रियाज करतात. गावात पियानोवादक नसतो, सोय चांगली आहे, मीही ती वापरायला सांगतो. पण ध्वनिफीत कधी थांबत नाही. माझा एक विद्यार्थी वर्षभर असाच शिकला. पुढे एका कार्यक्रमात त्याला प्रथमच माणसाची साथ मिळाली. एक लांब स्वर त्याला फार गोड लागला आणि तो त्यावर नकळत जरासा रेंगाळला. साथीला बसलेल्या बाई थांबल्या, त्याची वाट पाहू लागल्या. आजूबाजूला अचानक शांतता झालेली पाहून तो मुलगा इतका गोंधळला की त्याने गजच उचलला. आपल्यासाठी कोणी थांबू शकते, हे त्याला ठाऊकच नव्हते. बाईंनी मागचे चार स्वर पुन्हा वाजवले, मान हलवून त्याला आत घेतले आणि रचना पूर्ण झाली. त्या दिवसापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या माणसाबरोबर वाजवायला लावतो. पियानो नसेल तर हार्मोनियम, तेही नसेल तर दुसरे व्हायोलिन.

व्हिएन्याव्स्की स्वतः असाच घडला. आठव्या वर्षी तो पॅरिसच्या संगीत विद्यालयात दाखल झाला आणि अकराव्या वर्षी तिथला पहिला पुरस्कार मिळवून बाहेर पडला. त्याचा धाकटा भाऊ युझेफ पियानो वाजवत असे. १८५१ पासून सुमारे दोन वर्षे या दोघा भावांनी रशियाचा दौरा केला आणि जवळजवळ २०० कार्यक्रम केले. दौरा सुरू झाला तेव्हा मोठा सोळा वर्षांचा आणि धाकटा चौदाचा. म्हणजे तुमच्याच वयाची मुले. दोघांनी मिळून रचनाही लिहिल्या. पुढे १८७२-७३ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात त्याच्याबरोबर अँटन रुबिनस्टाइनसारखा दिग्गज पियानोवादक होता. आठ महिन्यांत २१५ कार्यक्रम झाले. व्हिएन्याव्स्कीची प्रकृती नाजूक, तरी त्याने एकही कार्यक्रम चुकवला नाही. रुबिनस्टाइनने आठवणींत त्याचे कारण मिश्कीलपणे दिले आहे : गैरहजेरीला करारात जबर दंड होता!

पण दंडाने न साधणारी गोष्टही याच माणसाच्या आयुष्यात घडली. १८७८ मध्ये बर्लिनला ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत असताना त्याला झटका आला आणि वादन थांबले. श्रोत्यांत त्या काळचा दुसरा मोठा व्हायोलिनवादक योझेफ योआखिम बसला होता. तो उठून मंचावर गेला आणि आजारी मित्राच्या जागी स्वतः वाजवून त्याने कार्यक्रम सावरला. याच योआखिमने १९०३ मध्ये, उतारवयात, मोजक्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. ब्राम्सच्या हंगेरियन नृत्यांच्या तबकड्यांत त्याच्या साथीला पियानो आहे. योआखिमचे नाव अजरामर झाले. तो पियानोवादक मात्र आजही 'अनामिक' म्हणूनच नोंदला जातो. तबकडी लावली की दोघेही सारखेच ऐकू येतात.

तर आता ऐकायचे कसे? व्हिएन्याव्स्कीची 'लेजांद' ही रचना घ्या. ही त्याच्या इसाबेला हॅम्प्टनशी झालेल्या विवाहाच्या काळातली. मुलीच्या आईवडिलांचा विरोध हे संगीत ऐकून मावळला, असे सांगतात. पहिल्यांदा ऐकताना काही करू नका, नुसते ऐका. सुरुवात उदास आहे, मधला भाग भरदार आहे, तिथे व्हायोलिन दोन तारांवर एकदम वाजते, आणि शेवटी पहिली उदासी परतते. दुसऱ्यांदा फक्त पियानोचा डावा हात, म्हणजे खर्जाचे स्वर ऐका आणि बोटाने त्यांची लय धरा. बोट कुठे थांबावे लागते ते लक्षात ठेवा. तिसऱ्यांदा त्या थांबण्याच्या जागा ऐका : आधी कोण थांबले, आणि पुन्हा आधी कोण निघाले? मग त्याची 'स्केर्झो-तारांतेल' लावा. ती इतकी वेगवान आहे की तिथे थांबायला फारशी जागाच नाही. पियानो जरा मागे पडला तर सगळे कोसळेल. 'लेजांद'मध्ये साथीदाराची वाट पाहण्याची परीक्षा आहे, तर इथे न मागे राहण्याची.

बँडमधल्या मुलांनी हे जरूर करून पाहावे. तुमची १२० पावलांची लय सोडा असे मी म्हणत नाही. ती मोडायची नसते, कारण तिथे शेकडो पाय एका ठोक्यावर अवलंबून असतात. पण परेड संपल्यावर दोघाचौघांत काम करताना ठोका देणारा कोणी नसतो. तिथे शेजारच्याचा श्वास ऐकू यावा लागतो. आपल्या संगीत कक्षात व्हायोलिन शिकणारी मुले आहेत आणि कीबोर्ड वाजवणारीही आहेत. शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसवावे, ध्वनिफीत बंद ठेवून. आणि स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत दोघांचीही नावे छापावीत, एकाच आकाराच्या अक्षरांत.