हलक्या विमानांचे अभिकल्पन व बांधणी (अभियांत्रिकी शिक्षण)

हलक्या विमानांचे अभिकल्पन व बांधणी हा वैमानिकी व यंत्र अभियांत्रिकीच्या शिक्षणातील एक विषय आणि प्रात्यक्षिक उपक्रम आहे. यात विद्यार्थी लहान विमान, ग्लायडर किंवा दूरनियंत्रित प्रतिकृती यांचा आराखडा गणिताने निश्चित करतात, ती स्वतः बांधतात आणि कसोट्या घेऊन आपले गणित पडताळून पाहतात. हलक्या विमानाची व्याख्या देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेच्या २००४ सालच्या नियमांत हलक्या क्रीडा विमानाच्या उड्डाणवेळच्या कमाल वजनाची मर्यादा सुमारे ६०० किलोग्रॅम होती, तर युरोपातील 'अतिहलके विमान' या वर्गाची मर्यादा ७५० किलोग्रॅम आहे.

अभिकल्पनाचे टप्पे

अभिकल्पनाची सुरुवात आकृतीने होत नाही, गरजेच्या निश्चितीने होते. किती माणसे, किती अंतर, किती लांबीची धावपट्टी, या प्रश्नांच्या उत्तरांवरून एकूण वजनाचा पहिला अंदाज बांधला जातो आणि त्यावरून पंखांचे क्षेत्रफळ व इंजिनाची शक्ती ठरते. पंखाचे उत्थापन हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि उत्थापन गुणांक यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. उदाहरणार्थ, ६०० किलोग्रॅम वजन, १२ चौरस मीटर पंख आणि १.५ हा कमाल उत्थापन गुणांक धरल्यास समुद्रसपाटीवर विमान ताशी सुमारे ८३ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने सरळ उडू शकत नाही. त्याहून कमी वेगात पंखावरील हवेचा प्रवाह तुटतो व उत्थापन एकाएकी घटते. या स्थितीला स्टॉल म्हणतात.

बांधणीत वजन दहा टक्क्यांनी वाढले, तर हा किमान वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर होतो आणि उड्डाणासाठी लागणारे अंतर साधारणपणे वीस टक्क्यांनी वाढते. वाढलेल्या वजनासाठी मोठा पंख घ्यावा, तर त्या पंखाचे वजन पुन्हा भर घालते. त्यामुळे प्रत्येक भागाचे वजन नोंदवणारा तक्ता हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो.

स्थैर्यासाठी विमानाचा गुरुत्वमध्य ठरावीक मर्यादेतच असावा लागतो. तो फार मागे गेला, तर नाक वर-खाली झाल्यावर विमान आपोआप पूर्वस्थितीत येत नाही. फार पुढे गेला, तर उतरताना नाक उचलण्यास शेपटीचे बल अपुरे पडते.

बांधणी आणि कसोट्या

हलक्या विमानांसाठी लाकूड व कापड, ॲल्युमिनियमचा पत्रा, पोलादी नळ्या आणि काचतंतू किंवा कार्बनतंतू यांचे संमिश्र पदार्थ वापरले जातात. संगणकावर काढलेला जोड प्रत्यक्षात रिव्हेट मारण्याइतकी जागा ठेवतो का, चिकटवलेला सांधा आतून तपासता येतो का, हे प्रश्न बांधणीच्या वेळीच कळतात.

सामान्य वर्गातील विमानाची रचना वजनाच्या ३.८ पट भार कायमची विकृती न येता आणि त्यावर १.५ चा सुरक्षा गुणक धरून ५.७ पट भार न मोडता सहन करणारी असावी लागते. ही कसोटी घेण्याची जुनी व आजही प्रचलित पद्धत म्हणजे पंख उलटा बसवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचणे. त्यानंतर जमिनीवरील धाव, छोटी उडी आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या वेगाची उड्डाणे असा क्रम असतो.

विद्यार्थी संघटनांची परंपरा

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनयुक्त विमानांवर निर्बंध आले. तेव्हा तेथील तांत्रिक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी 'अकाफ्लीग' नावाचे गट स्थापून ग्लायडर बांधण्यास सुरुवात केली. कार्यशाळेत ठरावीक तास काम करणाऱ्यास उड्डाणाची संधी, अशी या गटांची पद्धत आहे. १९५७ मध्ये उडालेले 'फिनिक्स' हे काचतंतूच्या संमिश्राचे पहिले ग्लायडर श्टुटगार्टच्या अशाच गटातून पुढे आले.

१९८६ पासून अमेरिकेत 'एसएई एरो डिझाइन' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. तीत दूरनियंत्रित प्रतिकृतीने उचललेल्या भाराबरोबरच अभिकल्पनाच्या लेखी अहवालालाही गुण असतात. भारतातही अशा स्पर्धा होतात आणि त्यांत मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ भाग घेतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

कोल्हापूर भागात जन्मलेले विष्णु माधव घाटगे (१९०८–१९९१) यांनी जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या वैमानिकी अभियांत्रिकी विभागात त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान (१९५१) आणि उड्डाण संघांसाठी पुष्पक (१९५८) ही हलकी विमाने घडवली.

मुंबईत लालबाग-परळच्या गिरण्यांमुळे यंत्रशिक्षणाची गरज लवकर निर्माण झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (आताची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) १९२३ मध्ये माटुंग्याला जाईपर्यंत लालबागलगतच्या भायखळ्यात होती. विमान अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण शहरात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मिळते.

गिरगावातील शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याचे सांगितले जाते. मात्र त्याचे मोजमाप, आराखडे वा समकालीन तपासणी यांचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला. त्यातील आकृत्यांप्रमाणे बांधलेले विमान उडू शकणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

अलीकडच्या काळात वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले. त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, तर उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला.

सुरक्षितता व परवानगी

भारतात माणूस बसवून उडवायच्या विमानाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी व परवानगी आवश्यक असते. त्यासाठी आकडेमोड, साहित्याचे दाखले, वजनाची नोंद आणि कसोट्यांचे अहवाल सादर करावे लागतात. या नोंदी बांधणीबरोबरच ठेवाव्या लागतात, कारण पंख बंद केल्यानंतर आतला सांधा कसा जोडला होता हे सिद्ध करणे कठीण असते. त्यामुळे विद्यार्थी प्रथम मानवरहित प्रतिकृतीवर काम करतात; तेथे गणितातली चूक उघड होते, पण तिची किंमत जिवाने मोजावी लागत नाही.