नागीण आणि चिठ्ठीवरचा शिक्का

नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस दगावतो, हा समज आपल्या खोऱ्यात घराघरांत आहे. येथे आम्ही सरपटणाऱ्या नागिणीबद्दल बोलत नाही. छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूला आग करीत उठणाऱ्या फोडांच्या पट्ट्याबद्दल बोलतो. आमच्या ओळखीच्या एका ऊसतोड मजुराला ती ऐन हंगामात झाली. घरच्यांनी गेरू लावला, उतारा टाकला. पाचव्या दिवशी तो दवाखान्यात गेला. फोड यथावकाश वाळले, पण त्या जागेची ठणक कित्येक महिने गेली नाही. ठणक असताना मोळी उचलवत नाही, आणि मोळी नाही तर मजुरी नाही. तेव्हापासून हा रोग समजून घ्यायचे आम्ही मनावर घेतले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे वाचनालयात आणि जाणत्यांना विचारून झाले. म्हणून हे विवेचन विद्वानांसाठी नाही, आमच्यासारख्यांसाठी आहे.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात. त्यांचा विषाणू मात्र जात नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. वय वाढले, अंगातली प्रतिकारशक्ती खचली, की चाळीस-पन्नास वर्षांनीही तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. हा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो. म्हणून पट्टाही साधारणतः मध्यरेषेपाशी थांबतो. तोंड-शेपूट मिळण्याची भीती निराधार आहे ती यामुळे.

या विषाणूच्या कुळाला हर्पिस म्हणतात. माणसाला बाधणारे असे नऊ विषाणू माहीत आहेत. त्यांतला एक तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या जगातल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या अंगात तो आहे. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही.

आता पेशीत काय घडते ते पाहू. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात या माळावर सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, तेव्हापासून ऊसतोडीची चिठ्ठी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. उसाची सगळी नोंद कचेरीतल्या मोठ्या रजिस्टरात असते. पण ते रजिस्टर कोणी फडावर नेत नाही. त्यातून चिठ्ठी निघते, आणि चिठ्ठी पाहून टोळी कोयता लावते. पेशीचेही तसेच आहे. तिच्या केंद्रकात डीएनए हे रजिस्टर. त्यातून आरएनए नावाची चिठ्ठी निघते आणि तिच्यावरून प्रथिने तयार होतात. हर्पिस विषाणू आपले छोटे रजिस्टर घेऊन केंद्रकात शिरतो आणि पेशीच्याच कारकुनांकडून आपल्या चिठ्ठ्या लिहून घेतो. कागद, शाई, मनुष्यबळ सगळे पेशीचे; हुकूम विषाणूचा.

पण नुसती चिठ्ठी लिहून भागत नाही. तिच्यावर शिक्के पडतात. आरएनएमधल्या 'अ' या अक्षराला काही ठिकाणी एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा लहानसा गट चिकटवला जातो. त्याला मिथिल गट म्हणतात आणि या क्रियेला मिथिलीकरण. चिठ्ठीतला मजकूर बदलत नाही. पण ती किती दिवस जपायची, केव्हा फाडायची, कोठे पाठवायची, हे शिक्क्यावरून ठरते. हा शिक्का १९७४ साली अमेरिकेत प्रथम आढळला. ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिसच्या चिठ्ठ्यांवरही तो असल्याचे १९७७ साली दिसून आले. मात्र हा शिक्का पुसणारी प्रथिनेही पेशीत आहेत, हे कळायला २०११ साल उजाडावे लागले. शिक्का मारणारे, पुसणारे आणि वाचणारे अशी तीन खाती आहेत, हे समजल्यावर या विषयाला वेग आला.

या शिक्क्याचा रोगाशी संबंध काय? विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते. १९५७ साली शोध लागलेले हे द्रव्य म्हणजे पेशीचा भोंगा. तो वाजला की शेजारच्या पेशी सावध होतात. हा भोंगा वाजवण्याच्या चिठ्ठीवरही मिथिल शिक्का असतो, आणि शिक्का असलेली ती चिठ्ठी लवकर फाडली जाते. भोंगा अखंड वाजत राहिला तर शरीराचेच नुकसान होईल, म्हणून ही सोय. पण विषाणूचे त्यात फावते. २०१८ आणि २०१९ साली दोन संशोधक गटांनी याच कुळातल्या सायटोमेगॅलो विषाणूवर प्रयोग केले. पेशीतले शिक्का मारणारे प्रथिन कमी केले, तेव्हा भोंग्याची चिठ्ठी जास्त वेळ टिकली आणि विषाणूची वाढ खुंटली.

एवढ्यावरून शिक्का म्हणजे शत्रू, असे ठरवू नये. कुळातल्या प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एका प्रकारच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या कापोसी हर्पिसला जागे होण्याची आपली मुख्य चिठ्ठी नीट कातरून जोडून घ्यायला हाच शिक्का लागतो, असे २०१७ साली आढळले. उलट ओठावरच्या फोडांचा विषाणू शिक्का मारणाऱ्या प्रथिनांना केंद्रकाबाहेर हुसकावतो, हे २०२१ साली दाखवले गेले. हत्यार एकच, ते ज्याच्या हाती पडेल त्याचे. कामगार चळवळीत तीस वर्षे काढल्यावर आम्हांला हे नवल वाटत नाही.

मग यातून औषध निघेल काय? शिक्का मारणारे प्रथिन रोखणाऱ्या एका औषधाची माणसांवर चाचणी २०२२ साली सुरू झाली. पण ती कर्करोगासाठी. हर्पिसच्या रुग्णाला आज मिळणारे मुख्य औषध ॲसायक्लोव्हिर आणि त्याची भावंडे. ती विषाणूला आपल्या रजिस्टराची नक्कल करू देत नाहीत. ॲसायक्लोव्हिर ज्यांच्या प्रयोगशाळेतून निघाले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डॉक्टरेट त्यांना पुरी करता आली नव्हती. स्वतःच्या हिमतीवर शिकणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

उद्या कोणी 'आरएनए सुधारणारी' पुडी विकायला आला, तर त्याला वाटेला लावा. हे शास्त्र अजून प्रयोगशाळेत आहे. आज हाती आहे ते एवढेच: फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, कपाळावर किंवा डोळ्यापाशी उठले तर एक तासही दवडू नका. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस २०२३ साली भारतात आली, पण तिची किंमत मजुराला झेपणारी नाही. ती त्याच्या दंडापर्यंत कशी पोहोचवायची, हा प्रश्न प्रयोगशाळेचा नाही, आपला आहे. आमचा तो सोबती पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेला असता, तर कदाचित त्याचा हंगाम बुडाला नसता. ज्ञान उशिरा पोहोचले की त्याची किंमत असे कोणीतरी मोजते.