विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. टीपीएम २.० किंवा ठरावीक प्रोसेसर नसेल, तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे लॅपटॉप धडधाकट असूनही भंगारात काढायचा का? नाही. त्यावर लिनक्स मोफत टाकता येतं. पण कोणतं?

इतकी नावं कशासाठी?
लिनक्स हा मुळात कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. लायनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला डेस्कटॉप आणि अ‍ॅप्स जोडून जो तयार संच मिळतो, तो 'डिस्ट्रो'. गाभा एकच, फरक दिसण्यात, अपडेटच्या वेगात आणि लागणाऱ्या रॅममध्ये.

तुमच्यासाठी कोणतं?
• विंडोजची सवय असेल तर लिनक्स मिंट. खाली टास्कबार, कोपऱ्यात मेन्यू. फारसं नवं शिकावं लागत नाही.
• रॅम २ ते ४ जीबीच असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती. ती हलकी आहे.
• भरपूर मदत हवी असेल तर उबुंटूची एलटीएस आवृत्ती. ती दर दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षं अपडेट मिळतात.
• सगळं ताजं हवं असेल तर फेडोरा. नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते, त्यामुळे अपग्रेडही वारंवार करावं लागतं.
• बदल नकोत, स्थिरता हवी असेल तर डेबियन.
• आर्च लिनक्स मात्र पहिल्यांदाच येणाऱ्यांनी टाळलेलं बरं. त्यात बरंच काही स्वतः जुळवावं लागतं.

आधी हे तपासा
रोजच्या कामाची यादी करा. ब्राउझर, व्हिडिओ, लिब्रेऑफिसमधलं लिखाण आणि युनिकोड मराठी टायपिंग सहज होतं. पण टॅली किंवा श्रीलिपीवर पोट अवलंबून असेल, तर घाई नको. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत.

इन्स्टॉल न करताही बघता येतं
डिस्ट्रोची फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या आणि रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की 'लाइव्ह' लिनक्स उघडतं आणि हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चालतात का ते पाहा. पटलं तरच इन्स्टॉल करा, आणि त्याआधी फोटो व कागदपत्रांचा बॅकअप घ्याच. 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडला, तर जुनं सगळं जातं.