वाद्य ‘खेळायचे’ की ‘वाजवायचे’?

इंग्रजीत ‘प्ले’ हे एकच क्रियापद फुटबॉललाही चालते आणि पियानोलाही. मराठीने मात्र हे भेद जपले आहेत. आपण क्रिकेट खेळतो, सतार वाजवतो आणि नाटकात भूमिका करतो. या बाबतीत स्पॅनिश भाषा इंग्रजीपेक्षा मराठीला अधिक जवळची आहे.

स्पॅनिशमध्ये खेळासाठी ‘हुगार’, तर वाद्यासाठी ‘तोकार’ हे क्रियापद योजतात. ‘तोकार’चा दुसरा नित्याचा अर्थ ‘स्पर्श करणे’ असा आहे. गिटारसाठी चुकून ‘हुगार’ वापरल्यास ते वाद्य नसून खेळणे आहे, असा ऐकणाऱ्याचा समज होऊ शकतो. शिवाय वाद्याच्या नावाआधी त्याच्या लिंगानुसार उपपद येते. गिटार स्त्रीलिंगी म्हणून ‘तोकार ला गितार्रा’, पियानो पुल्लिंगी म्हणून ‘तोकार एल पियानो’. ती सतार व तो तबला म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे नवे वाटणार नाही.

रेडिओवर गाणे ‘प्ले’ होत असेल, तर ‘तोकार’ही चालत नाही. तेथे ‘सोनार’ म्हणजे वाजणे हे क्रियापद लागते. आपण स्वतः गाणे लावतो तेव्हा ‘पोनेर’ येते. त्याचा मूळ अर्थ ‘ठेवणे’ असा आहे.

खरी कसोटी लागते ती वाक्प्रचारांत. ‘कानाने वाजवणे’ या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार स्वरलिपीविना वादन करणाऱ्याविषयी असेल, तर ‘तोकार दे ओइदो’ हे शब्दशः भाषांतर अचूक ठरते. पण तोच वाक्प्रचार ‘प्रसंग पाहून ठरवू’ या अर्थाने एखाद्या बैठकीत आला, तर संगीताचा संबंधच उरत नाही. तेथे ‘सोब्रे ला मार्चा’, म्हणजे ‘चालता चालता’, असे म्हणावे लागते. दुभाष्याने तेथे शब्दशः भाषांतर केले, तर समोरच्या पक्षाला मूळ मुद्दाच कळणार नाही.

आत्मस्तुती करणारा इंग्रज स्वतःचा कर्णा फुंकतो, मराठी माणूस आपलीच टिमकी वाजवतो. स्पॅनिश माणूस मात्र ‘एचार्से फ्लोरेस’ म्हणतो, म्हणजे स्वतःवरच फुले उधळतो. येथे वाद्यच नाहीसे होते, अर्थ तेवढा टिकतो. म्हणूनच भाषांतरकाराने आधी वाक्यात खरोखर वाद्य वाजते आहे का, हे पाहावे आणि मगच क्रियापद निवडावे.