स्पीकर धडधाकट, तरी मुका!

वाय-फायवर चालणारा स्पीकर एके दिवशी गप्प झाला, तर दोष त्याच्या यंत्राचाच असतो असे नाही. पडदा, चुंबक, अॅम्प्लिफायर ठणठणीत असतात. बंद पडलेली असते ती कंपनीची ऑनलाइन सेवा. अशा वेळी उपयोगी पडू शकते फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या फ्लॅश मेमरीत बसवलेले आणि त्याला चालवणारे सॉफ्टवेअर.

लॉजिटेक कंपनीने ‘स्क्वीझबॉक्स’ ही नेटवर्कवरून गाणी वाजवणारी उपकरणे २०१२ मध्ये थांबवली. २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद झाली. मात्र सर्व्हरचे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत असल्याने स्वयंसेवकांनी ते ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ या नावाने जिवंत ठेवले. घरच्या संगणकावर ते बसवले, की जुनी उपकरणे पुन्हा वाजू लागतात. याच सर्व्हरशी जोडले जाणारे ‘स्क्वीझलाइट-ईएसपी३२’ हे फर्मवेअर ईएसपी३२ या स्वस्त चिपवर चालते. ही चिप असलेल्या काही स्पीकरमध्ये ते थेट भरता येते.

संगणकाचा आणि स्पीकरचा प्रोसेसर वेगळा असतो. म्हणून मूळ कोड ‘क्रॉस कंपायलर’ने स्पीकरच्या चिपला कळेल अशा रूपात आणतात. तयार झालेली फाइल यूएसबी केबलने चिपमध्ये उतरवणे म्हणजे ‘फ्लॅश’ करणे. त्याआधी मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवावी. ईएसपी३२चा प्राथमिक बूटलोडर न पुसता येणाऱ्या मेमरीत असतो, त्यामुळे प्रयत्न फसला तरी सहसा पुन्हा करता येतो. इतर अनेक उपकरणांत बूटलोडर पुसला गेला, तर हाती उरते ती वीटच! काही कंपन्या डिजिटल स्वाक्षरी नसलेले फर्मवेअर चालूच देत नाहीत. तिथे हा मार्ग बंद होतो.

सावधगिरी महत्त्वाची. घरगुती विजेवर चालणारा स्पीकर उघडून जोडणी करू नये. ते काम जाणकाराचे. लिथियम बॅटरीला टोचू किंवा दाबू नये, आग लागू शकते. ईएसपी३२च्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. तिथे ५ व्होल्ट दिल्यास चिप जळू शकते. आवाजाची कमाल पातळी अनेकदा फर्मवेअरच ठरवते, म्हणून पहिली चाचणी अगदी कमी आवाजावर, कान दूर ठेवून घ्यावी.

एवढा खटाटोप कशासाठी? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातल्या जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन आणि पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. भंगारात दिलेला धडधाकट स्पीकर त्यात भरच घालतो. म्हणूनच नवा स्पीकर घेताना एक प्रश्न विचारावा : कंपनीची सेवा बंद झाली, तर हा वाजेल का?